जळणाचें पीक : हिंगणघाट तालुक्याच्या शेतीच्या दृष्टीनें विचार

शेतकऱ्याच्या संसारांत अन्न आणि पाणी यांच्या खालोखाल रोज लागणारी वस्तु म्हणजे जळण होय. धान्याचा हिशेब प्रत्येक शेतकरी ठेवतो. कुटार-कडबा उन्हाळाभर पुरेल कीं नाहीं, याचाहि अंदाज तो आधींच बांधतो. जळणाचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाहीं. तें विकत आणावें लागत नाहीं, म्हणून तें फुकटच मिळतें, अशी आपली समजूत झालेली आहे. परंतु आतां काळ पालटला आहे. कारखान्यांच्या भट्ट्या आणि विजेचीं केंद्रें दगडी कोळशाच्या जोडीला शेतांतील काडीकचरा व लांकूड घेऊं लागलीं आहेत. त्यामुळें कालपर्यंत धुऱ्यावर पडून राहणाऱ्या पऱ्हाटीस भाव विचारला जातो, आणि ‘कापूस सोडून लवकर वाढणारीं झाडें लावा’ असा उपदेशहि कानांवर येतो. हा उपदेश कितपत मानावा, कोठें मानावा व कोठें मानूं नये, याचा विचार आपल्या तालुक्यापुरता करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न नवा नाहीं

जळणासाठीं झाडें लावावीं ही कल्पना आजची नव्हे. डॉ. व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञानें १८८९ ते १८९१ या काळांत हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी केली आणि १८९३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, येथील शेतकरी शेण जाळतो तें अज्ञानानें नव्हे, तर दुसरें जळण मिळत नाहीं म्हणून. यास्तव गांवोगांव जळणाचीं व चाऱ्याचीं बनें तयार करावीं, म्हणजे शेण उकिरड्याकडे वळेल. १९२८ सालच्या शाही कृषि आयोगानेंहि शेण जाळण्याच्या चालीचा विचार केला आहे. म्हणजे लांकडाचा प्रश्न हा मुळांत खताचा प्रश्न आहे, हें जाणत्यांस फार पूर्वींच उमगलें होतें.

आपल्या शेजारच्या वऱ्हाडांत तर याचा एक जुना धडा आहे. तेथील बाभूळबनें काळ्या जमिनींत वाढविलेलीं होतीं. जुनीं झाडें तोडल्यावर ती जमीन कांहीं काळ शेतकऱ्यांस पिकासाठीं द्यावयाची, पिकाबरोबर बाभळीच्या रांगा उगवूं द्यावयाच्या, आणि रोपें उभीं राहिलीं म्हणजे शेती थांबवावयाची, अशी पद्धत वनखात्यानें तेथें चालविली. पीक आणि झाड हीं एकमेकांचीं वैरी नसून योग्य क्रमानें घेतल्यास सोबतीहि होऊं शकतात, हें त्यावरून दिसतें.

हिंगणघाटचा दगडी कोळशाशींहि जुना संबंध आहे. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गें वरोऱ्यास जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत बांधला गेला, तो मुख्यतः वरोऱ्याच्या खाणींतील कोळसा वाहून आणण्यासाठीं. त्याचें नांवच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असें होतें. ती खाण १९०६ सालीं बंद पडली. पुढें वर्धा नदीच्या खोऱ्यांत इतर अनेक खाणी निघाल्या आणि चंद्रपूरचें २९२० मेगावॉट क्षमतेचें वीजकेंद्र त्याच कोळशावर उभें राहिलें. तथापि एका खाणीचा आरंभ व शेवट पाहण्यास माणसाचें अर्धें आयुष्यहि लागलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

याच जिल्ह्यांत, वर्ध्याच्या मगनवाडींत, १९३४ सालच्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम सुरू झालें. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनीं निसर्गाच्या देणगीचे दोन भाग मानले: एक सांठ्याचा, जसे दगडी कोळसा व खनिज तेल, आणि दुसरा प्रवाहाचा, जसें लांकूड. सांठा वापरला म्हणजे संपतो आणि त्यावरून भांडणें लागतात. प्रवाह मात्र जपून वापरला तर पिढ्यान् पिढ्या चालतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. बिनधुराची ‘मगन चूल’ व वनस्पति-तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हीं साधनें त्याच आवारांत तयार झालीं. आज तेथें महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तेव्हां ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्द नवा असला तरी विचार आपल्याच मातींतला आहे.

हातांत असलेलें जळण : पऱ्हाटी

नवें झाड लावण्यापूर्वीं घरांत काय आहे तें पाहावें. हिंगणघाटचें नांव एके काळीं लांब धाग्याच्या कापसासाठीं दूरदूरच्या बाजारांत गाजलेलें होतें, आणि आजहि कापूस हेंच येथील मुख्य पीक आहे. कापसाचें झाड हें खऱ्या अर्थानें काष्ठवर्गीय होय. वेचणी संपल्यावर शेतांत उभी राहणारी पऱ्हाटी ही गवत किंवा पेंढा नसून लांकूडच आहे. हेक्टरीं दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते असें साधारण मानतात. कोरडवाहू रानासाठीं आपण खालचा आंकडा, म्हणजे एकरीं आठ क्विंटल, धरूं.

चांगल्या वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता किलोमागें सुमारें ३८०० ते ४००० किलोकॅलरी असते. आपल्याकडील बऱ्याचशा दगडी कोळशांत राखेचें प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असतें. त्या मानानें पऱ्हाटीची राख फारच थोडी. म्हणजे वजनास वजन धरल्यास पऱ्हाटी हलक्या कोळशाच्या जवळपास बसते. तूर घेणाऱ्यांस तुराट्यांचीहि यांत भर घालतां येईल.

मग हें धन वाया कां जातें? पहिली अडचण आकाराची. पऱ्हाटी फार जागा व्यापते. ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन भरत नाहीं, आणि वाहतुकीचा खर्च मालाच्या किंमतीवर चढतो. दुसरी अडचण मजुरीची. चिमट्यानें एकेक झाड उपटणें हें कष्टाचें काम, म्हणून पुष्कळ जण रोटाव्हेटर फिरवितात किंवा काडी लावून मोकळे होतात. शेतांत जाळल्यानें नत्र व सेंद्रिय अंश धुरावाटे जातात, वरच्या थरांतील जीवजंतु भाजून निघतात आणि उष्णतेचा कोणासच उपयोग होत नाहीं. हा तिहेरी तोटा होय.

या अडचणींवर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें बरेंच काम केलें आहे. ही संस्था १९२४ सालीं प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. पऱ्हाटीपासून फळ्या, तसेंच दाबून केलेल्या जळणकांड्या व गोळ्या तयार करण्याच्या रीती तिनें पुढें आणल्या. पऱ्हाटीचे यंत्रानें बारीक तुकडे करून, वाळवून व दाबून कांडी केली म्हणजे त्याच गाडींत कितीतरी पट अधिक माल मावतो, आणि कांडी भट्टींत एकसारखी जळते. यंत्र एका शेतकऱ्यास परवडण्यासारखें नाहीं. परंतु पांचपन्नास सभासदांच्या गटास किंवा सहकारी संस्थेस तें अशक्य नव्हे.

बोंडअळीचा धोका

पऱ्हाटी जळणासाठीं ठेवतांना एक गोष्ट कदापि विसरूं नये. गुलाबी बोंडअळीनें २०१७ सालच्या हंगामांत विदर्भाच्या कापसाची केवढी हानि केली, तें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ही अळी न उमललेल्या, किडक्या बोंडांत व सरकींत सुप्तावस्थेंत राहते. घराच्या मागें किंवा धुऱ्यावर पऱ्हाटीची गंजी रचून पावसाळ्यापर्यंत ठेवली, तर आपण पुढल्या हंगामाच्या शत्रूस आपणच बिऱ्हाड करून देतों. म्हणून पुढील क्रम पाळावा:

१. फरदड घेऊं नये. डिसेंबर-जानेवारींत पीक आटोपावें.

२. शेवटच्या वेचणीनंतर शेतांत शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेलीं हिरवीं बोंडें व पाला चारावा. जीं किडकीं बोंडें राहतील तीं गोळा करून नष्ट करावीं.

३. पऱ्हाटी मुळासकट उपटून शेतांतच पातळ पसरून वाळवावी, व ती वाळली म्हणजे तिचे तुकडे करावेत.

४. तुकडे किंवा कांड्या कोरड्या जागीं ठेवाव्या. अखंड पऱ्हाटीची गंजी उन्हाळ्यापलीकडे ठेवूं नये.

तुकडे होणें, उन्हांत तापणें व कांडी दाबतांना उष्णता लागणें यांतून अळी वांचण्याचा संभव फार थोडा राहतो. अशा रीतीनें जळणाचा धंदा हा किडीच्या बंदोबस्ताचाहि उपाय होऊं शकतो. परंतु हयगय केल्यास तोच धंदा किडीचें कोठार होईल.

चूल कोणाची?

येथें एका नाजूक बाबीचा उल्लेख करणें अवश्य आहे. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटून देणाऱ्या मजुरानें त्यांतील मोळ्या घरीं न्याव्या, अशी चाल पुष्कळ गांवांत आहे. भूमिहीन कुटुंबाच्या वर्षाच्या स्वयंपाकाचा आधार पुष्कळदां तोच असतो. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखालीं घरोघर गॅसची शेगडी पोंचली हें खरें. तरी सिलिंडर पुन्हां भरण्यास पैसा लागतो, आणि आंघोळीचें पाणी, भाकरी व गुरांचें आंबोण यांसाठीं चूल पेटविणारीं घरें अद्यापि पुष्कळ आहेत.

हिशेब करून पाहूं. पांच-सहा माणसांच्या घरांत रोज पांच किलो जळण धरलें, तर वर्षाला सुमारें अठरा क्विंटल लागतें. एकरीं आठ क्विंटल पऱ्हाटी धरल्यास हें जळण सव्वादोन एकरांतून निघतें. आतां पऱ्हाटीस भाव आला आणि सारी पऱ्हाटी ट्रॉलींतून कारखान्यास गेली, तर मजुराच्या घरची बाई काय जाळील? ती धुऱ्यावरच्या बाभळीची फांदी तोडील, नाहींतर शेण थापील. आणि ज्या शेणासाठीं व्होल्करनें सव्वाशें वर्षांपूर्वीं कळकळीनें लिहिलें, तेंच पुन्हां चुलींत जाईल. शेतकऱ्याचा थोडासा लाभ गांवाच्या खतास व शेजाऱ्याच्या चुलीस महाग पडूं नये. यास्तव जो गट पऱ्हाटी विकण्याचें ठरवील, त्यानें प्रथम गांवांतील मजूर कुटुंबांचा वांटा बाजूस काढावा, किंवा उपटणीच्या मजुरींत त्याची रोकड भरपाई करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणतीं झाडें लावावीं

आपल्या तालुक्याची जमीन बहुतेक काळी, चिकण, उन्हाळ्यांत भेगाळणारी व पावसाळ्यांत पाणी धरणारी. पाऊस सरासरी १००० मिलिमीटरच्या आसपास, पण त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच पडतो. नाल्यांच्या व वणा नदीच्या कांठीं गाळाची पट्टी आहे, आणि उंचवट्यांवर मुरमाड बरड आहे. या तीन प्रकारच्या जमिनींस एकच झाड सांगणें चूक होईल.

बाभूळ — काळ्या जमिनीचें हें आपलें हक्काचें झाड. लांकूड जड, जळण उत्तम, शेंगा शेळ्यांस प्रिय, डिंक व कुंपणाचे कांटे हा वरचा लाभ. वाढ मध्यम आहे आणि तोडल्यावर बुंध्यापासून फुटण्याची शक्ति थोडी. म्हणून ती दर दोन-तीन वर्षांनीं तोडावयाचें पीक नव्हे. नाल्याच्या कांठीं व पांधणीच्या बाजूस ती दहापंधरा वर्षांच्या ठेवीप्रमाणें राखावी.

सुबाभूळ — लवकर वाढणारें, मुळांच्या गांठींत नत्र सांठविणारें, पाला चाऱ्यास देणारें आणि तोडल्यावर जोरानें फुटणारें झाड. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरळीकांचन येथें स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेनें पुढील दशकांत याचा महाराष्ट्रांत मोठा प्रसार केला. निचऱ्याच्या, चुनखडीयुक्त जमिनींत तें चांगलें येतें. पाणी सांचणाऱ्या खोलगट रानांत मात्र त्याची मुळें गुदमरतात. पाल्यांत मिमोसीन नांवाचें द्रव्य असतें, म्हणून केवळ याच पाल्यावर जनावर ठेवूं नये. इतर चाऱ्यांत मिसळून द्यावा, आणि घोडा-गाढव यांस देऊं नये. दुसरा दोष असा कीं, बी फार पडतें व नको तेथें उगवतें. शेंगा पिकण्यापूर्वींच तोडणी केली म्हणजे हा उपद्रव आटोक्यांत राहतो. १९८८ सालीं या झाडाचे कोंवळे शेंडे शोषणारी एक बारीक कीड परदेशांतून आपल्याकडे येऊन पोंचली. एकाच झाडावर सारी भिस्त ठेवूं नये, हा धडा तिनें दिला.

गिरिपुष्प — आमच्या मतें सामान्य शेतकऱ्यानें प्रथम हेंच लावावें. धुऱ्यावर बी किंवा फांद्या लावून हें सहज येतें, गुरें याकडे फारशीं वळत नाहींत, आणि वर्षांतून दोन-तीनदां छाटलें तरी पुन्हां फुटतें. कोंवळा पाला जमिनींत गाडल्यास उत्तम हिरवळीचें खत होतें आणि काडी चुलीस मिळते. म्हणजे एकाच छाटणींत शेतास नत्र व घरास जळण.

बांबू — मानवेल बरडाच्या व निचऱ्याच्या जागीं, कटांग नाल्याच्या कांठीं चांगला. चौथ्या-पांचव्या वर्षापासून तोडणी सुरू होते. तीन वर्षांची जून काठीच काढावी, कोंवळी राखावी. २०१७ सालच्या अखेरीस भारतीय वन कायद्यांतील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यांत आल्यामुळें खाजगी जमिनीवरील बांबूस पूर्वींचा जाच उरला नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०१९ सालीं ‘अटल बांबू समृद्धि योजना’ काढली. परंतु चांगला बांबू जाळण्यापेक्षां विकणें अधिक फायद्याचें. तुटकें, वांकडें व उरलेलें तेवढेंच जळणास द्यावें.

निलगिरीची वाढ जलद असली तरी भेगाळणाऱ्या भारी काळ्या जमिनींत ती मनासारखी येईलच असें नाहीं, आणि शेजारच्या पिकाचें पाणीहि ती ओढते. वेडी बाभूळ तर कोणीं सांगितली तरी लावूं नये. तिचें जळण चांगलें असलें तरी एकदां ती रानांत शिरली म्हणजे पिढ्यान् पिढ्या निघत नाहीं. मोगली एरंडाची गोष्ट ताजी आहे: २००३ सालीं नियोजन आयोगाच्या समितीनें जैव-डिझेलसाठीं त्याची शिफारस केल्यावर देशभर मोठ्या उत्साहानें लागवड झाली, पण पडीक, कोरड्या जमिनींत अपेक्षिलेलें बी आलें नाहीं आणि बहुतेक ठिकाणीं तीं झाडें उपटलीं गेलीं. झाड निर्वाहापुरत्या पावसावर जगतें, याचा अर्थ तें तेवढ्यावर उत्पन्नहि देतें असा नव्हे.

लागवड व तोडणी

सुबाभळीच्या बियांचें कवच कठीण असतें. उकळी येण्याच्या थोडें अलीकडचें गरम पाणी घेऊन त्यांत बी दोन-तीन मिनिटें ठेवावें व मग रात्रभर थंड पाण्यांत भिजवावें. म्हणजे उगवण एकसारखी होते. पिशव्यांत बोटाच्या पेराइतकें उथळ पेरावें. फेब्रुवारी-मार्चमध्यें पेरलेलीं रोपें मृग-आर्द्रांत लावण्यायोग्य होतात. सलग लागवडींत दोन ओळींत तीन मीटर व दोन रोपांत एक मीटर अंतर ठेवावें. एकरीं सुमारें १३५० रोपें लागतील. पहिलीं दोन वर्षें मधल्या पट्ट्यांत मूग, उडीद किंवा सोयाबीन घेतां येतें. पहिल्या वर्षीं तण आणि मोकाट जनावरें हेच खरे शत्रु. वर्षभर राखण झाली नाहीं तर पुढील सारा हिशेब फुकट आहे.

पहिली तोडणी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, पानें थोडीं असतां, हिंवाळ्याच्या शेवटीं करावी. बुंधा जमिनीपासून वीतभर उंच ठेवून तिरपा व स्वच्छ काप द्यावा. साल फाटूं देऊं नये, कारण नवे फुटवे सालीलगतच येतात. पावसाळ्याच्या आरंभीं फुटव्यांपैकीं जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढून टाकावेत. पाला व बारीक डहाळ्या शेतांतच राहूं द्याव्या, आणि घरच्या चुलीची राख परत धुऱ्यावर टाकावी. लांकूड नेतों तेव्हां पालाश व चुना हीं द्रव्येंहि नेतों. तीं जमिनीस परत मिळालीं नाहींत, तर हें पीकहि जमीन खाणारेंच ठरेल.

ओळीच्या दोन्ही बाजूंस कांहीं मीटरपर्यंत सांवली व मुळें यांमुळें कापूस खुरटा राहतो. म्हणून धुऱ्याच्या रांगा शक्य तों उत्तर-दक्षिण ठेवाव्या, दरवर्षीं छाटाव्या, आणि शेजाऱ्याची संमति घेऊनच सामाईक धुऱ्यावर लावाव्या. झाडाच्या सांवलीवरून उभें राहिलेलें भांडण कोर्टांत गेलें म्हणजे दोघांचेंहि लांकूड जळतें.

हिशेब

कोरडवाहू सलग लागवडींत हेक्टरीं वर्षाला सहा टन वाळलेलें लांकूड, म्हणजे एकरीं चोवीस क्विंटल, धरून चालूं. तीन वर्षांनीं एकरीं बहात्तर क्विंटल हातीं येईल. या मालाच्या दरांतून तोडणी, वाहतूक व रोपांचा खर्च वजा करावा, उरलेल्या रकमेचे तीन भाग करावेत, आणि त्यांतील एका भागाची तुलना त्याच एकरांतील कापूस किंवा तुरीच्या निव्वळ उत्पन्नाशीं करावी. बहुतेक चांगल्या काळ्या जमिनींत तुलना झाडाच्या विरुद्ध जाईल; बरडांत, नाल्याच्या कांठच्या तुटक्या तुकड्यांत व दूरच्या, राखण न होणाऱ्या शेतांत ती झाडाच्या बाजूनें जाऊं शकेल. शिवाय तीन वर्षें घरांत पैसा येणार नाहीं, हेंहि कर्ज असलेल्या शेतकऱ्यानें विसरूं नये.

धुऱ्याचा हिशेब याहून सुखाचा आहे. पांच एकरांच्या चौरस वावराचा घेर सुमारें ५७० मीटर भरतो. निम्म्या घेरावर अर्ध्या मीटरवर एक याप्रमाणें गिरिपुष्प लावल्यास सुमारें ५७० झाडें होतात. झाडामागें वर्षाला अवघें दोन किलो सुकें जळण धरलें तरी अकरा क्विंटलांवर जळण मिळतें. म्हणजे घरच्या चुलीची निम्म्याहून अधिक गरज पिकाची फारशी जागा न अडवितां भागते. हें जळण विकलें जात नाहीं, म्हणून तें वहींत दिसत नाहीं. पण त्यामुळें वांचलेलें शेण वावरांत दिसतें.

आतां कारखान्याच्या बाजूचा हिशेब. लांकूड किंवा काडीपासून एक हजार युनिट वीज करण्यास साधारण सव्वा ते दीड टन जळण लागतें. दहा मेगावॉटचें केंद्र वर्षांत सात हजार तास चाललें, तर त्यास नव्वद हजार टनांच्या आसपास जळण हवें. पऱ्हाटीवर तें चालवावयाचें तर सुमारें एक लाख बारा हजार एकरांची सगळी पऱ्हाटी त्यासाठीं द्यावी लागेल. लागवडीच्या लांकडावर चालवावयाचें तर सदतीस हजार एकर रान झाडांखालीं घालावें लागेल. यावरून उघड होतें कीं, एका मोठ्या केंद्राची भूक सबंध तालुक्यास पेलणारी नाहीं. जिनिंग, डाळगिरण्या, तेलगिरण्या, वीटभट्ट्या व लहान उद्योगांचे बॉयलर यांस कांडी पुरविणें हा जवळचा, लहान व टिकाऊ मार्ग आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें कोळशाच्या वीजकेंद्रांत पांच टक्के काडीगोळ्या मिसळण्याचें धोरण काढलें, आणि २०२३ सालीं तें सुधारून २०२४-२५ पासून पांच व २०२५-२६ पासून सात टक्के असें प्रमाण ठरविलें. त्यामुळें मागणी वाढेल हें खरें. परंतु मागणी वाढली म्हणजे भाव शेतकऱ्यासच मिळतो असें नव्हे.

इतर देशांचा अनुभव

फिलिपाईन्स देशानें १९७९-८० च्या सुमारास याच सुबाभळीचीं बनें लावून त्यांवर लहान वीजकेंद्रें चालविण्याचा मोठा बेत आंखला. जमीन डोंगराळ व निकस होती. झाडें अंदाजाइतकीं वाढलीं नाहींत, वाहतूक जड गेली, आणि पुढें शेंडे शोषणारी कीड आली. ठरविलेल्या केंद्रांपैकीं थोडींच उभीं राहिलीं आणि बेत बारगळला. उलट श्रीलंकेनें २००५ सालीं गिरिपुष्पास चहा, रबर व नारळ यांच्या खालोखाल चौथें मळ्याचें पीक म्हणून मान्यता दिली. तेथें नारळाच्या बागेंत व कुंपणावर वाढणारी काडी लहान शेतकऱ्यांकडून विकत घेऊन भट्ट्यांस व वीजनिर्मितीस वापरतात. पहिल्या ठिकाणीं झाडासाठीं वेगळी जमीन शोधली; दुसऱ्या ठिकाणीं असलेल्या शेतींतच झाडास जागा दिली. आमच्या मतें आपल्यास दुसरा मार्ग अधिक मानवेल.

विक्री करतांना

ओलें लांकूड व सुकें लांकूड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुकत्याच तोडलेल्या मालांत निम्में पाणी असूं शकतें. असा शंभर क्विंटल माल उन्हांत वाळून पंधरा टक्के ओलाव्यावर आला म्हणजे कांट्यावर सुमारें एकोणसाठ क्विंटलच भरतो. ओल्याचा भाव ठरवून सुक्याचें वजन दिलें तर शेतकरी बुडतो. म्हणून करारांत ओलाव्याचें प्रमाण, वजन कोणत्या कांट्यावर, वाहतूक कोणाकडे व पैसे किती दिवसांत, या चार गोष्टी लेखी असल्याच पाहिजेत. रोपें फुकट देऊन पुढें सारा माल एकाच खरेदीदारास घालण्याची अट असेल, तर ती दहादां वाचावी. साग, मोह, आंबा यांसारखीं अनुसूचींतील झाडें १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. तेव्हां धुऱ्यावरील जुन्या झाडांस हात लावण्यापूर्वीं वनखात्याच्या कचेरींत चौकशी करावी.

सारांश

लांकूड म्हणजे सांठविलेलें ऊन होय. जेवढें जाळावें तेवढें पुन्हां वाढविलें, तरच तें अक्षय. चांगल्या काळ्या रानांतून अन्न व कापूस यांस हुसकावून तेथें जळण पिकविणें आम्हांस पटत नाहीं. परंतु शेतांत जळून जाणारी पऱ्हाटी, ओसाड धुरे, नाल्यांचे कांठ, पांधणी व बरड हीं सारीं आज रिकामीं आहेत, आणि तेथें जें वाढेल तें कोणाच्या ताटांतून काढलेलें नसेल. या पावसाळ्यांत प्रत्येक सभासदानें आपल्या एका धुऱ्यावर शंभर गिरिपुष्पें लावावीं, येत्या हंगामांत पऱ्हाटी शेतांत न जाळण्याचा निश्चय करावा, आणि गांवांतल्या दहा जणांनीं मिळून तुकडे करण्याच्या यंत्राची चौकशी करावी. मजुराच्या चुलीचा वांटा मात्र आधीं बाजूला काढून ठेवावा. एवढें साधलें तर उकिरडा भरेल, बोंडअळीचें घर मोडेल, आणि घरांत चार पैसेहि येतील.